पाणवनस्पतींच्या मत्स्यपेटीसाठी दिव्याची निवड

पिकाला प्रकाश लागतो, ही गोष्ट शेतकऱ्यास कोणी शिकवावी लागत नाही. बांधावरील बाभळीच्या किंवा लिंबाच्या सावलीत ज्वारीचे ताट बारीक राहते, उंच वाढून लवते आणि कणीस भरत नाही, हे तो लहानपणापासून पाहत आलेला असतो. काचेच्या पेटीत मासे व पाणवनस्पती एकत्र वाढवावयाच्या झाल्या म्हणजे हाच नियम तेथेही लागू पडतो. फरक इतकाच की, शेतात प्रकाश सूर्य देतो व तो फुकट मिळतो. घरातील पेटीत तो आपण निवडून, मोजून व वेळ ठरवून द्यावयाचा असतो. ही निवड चुकली तर वनस्पती कुजतात, पाणी हिरवे होते आणि एखाद्या पहाटे मासे मेलेले आढळतात.

मत्स्यपेटी ही केवळ शहरी हौस राहिलेली नाही. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत माशांच्या संगोपनाचा समावेश करण्यात आला. लातूर जिल्ह्यात उदगीर येथे मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. शेतीस जोडधंदा म्हणून गप्पी, मोली यांसारखे मासे व त्यांच्या जोडीने पाणवनस्पती वाढवून विकण्याचा विचार काही तरुण करीत असतात. शाळेत किंवा ग्रंथालयात एखादी पेटी असावी, असेही पुष्कळांना वाटते. अशा वेळी गावपातळीवरील कार्यकर्त्यास पहिला प्रश्न विचारला जातो, तो दिव्याचा. त्याचे उत्तर या पाठात दिले आहे.

एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले होते. पहिल्या फेरीत सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत ते विचारतील की, काचेत पाणी कोंडून ठेवणे आपल्या भागाला परवडेल काय? उत्तर असे की, पेटी नीट चालली तर तिला पाणी फार थोडे लागते. ज्या पेटीत वनस्पती जोमाने वाढतात तेथे माशांच्या विष्ठेतील नत्र त्या शोषून घेतात आणि पाणी वारंवार बदलावे लागत नाही. योग्य दिवा निवडणे हा म्हणूनच पाणी वाचविण्याचाही उपाय आहे.

प्रकाशाचे कार्य

हिरवी वनस्पती पाण्यात विरघळलेला कर्बवायू घेते, प्रकाशाच्या साहाय्याने त्यापासून आपले अन्न तयार करते आणि प्राणवायू बाहेर सोडते. हे कार्य फक्त प्रकाश असतानाच चालते. श्वसन मात्र रात्रंदिवस चालू असते, व त्यात प्राणवायू खर्च होतो. यामुळे पेटीतील प्राणवायू सायंकाळी सर्वांत अधिक व पहाटे सर्वांत कमी असतो. ज्यांनी शेततळ्यात रोहू, कटला किंवा मृगळ पाळले आहेत त्यांना हे ठाऊक आहे. ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. पेटीतही तेच घडते.

परंतु प्रकाश वाढविला म्हणजे वाढ त्याच प्रमाणात वाढते, असे नाही. शेतात नत्र भरपूर घातले पण पाळी चुकली, तर नत्र वाया जाते. जी वस्तू सर्वांत कमी असेल तीच वाढीची मर्यादा ठरविते. पेटीत ही कमी असलेली वस्तू बहुधा कर्बवायू असते. कर्बवायू संपल्यावर उरलेला प्रकाश वनस्पतीच्या उपयोगी पडत नाही; त्यावर शेवाळ पोसते. नवशिके लोक मोठा दिवा आणतात आणि पंधरवड्यात काच हिरवी होते, याचे कारण हेच होय.

करून पाहण्याचा प्रयोग

शाळेत किंवा गावातील बैठकीत पुढील प्रयोग करून दाखवावा. मोठ्या काचेच्या बरणीत विहिरीचे पाणी घेऊन त्यात हायड्रिलाच्या ताज्या फांद्या ठेवाव्यात. त्यांवर काचेचे नरसाळे पालथे घालून त्याच्या नळीवर पाण्याने भरलेली परीक्षानळी उपडी बसवावी. बरणीजवळ एलईडी दिवा लावून दर मिनिटास किती बुडबुडे वर जातात ते मोजावे. मग दिवा दुप्पट अंतरावर न्यावा. काही मिनिटांनी बुडबुडे कमी झालेले दिसतील. दिवा पुन्हा जवळ आणून पाण्यात चिमूटभर खायचा सोडा विरघळवावा. दिवा तोच असूनही बुडबुडे वाढल्याचे बहुधा दिसून येते, कारण सोड्यातून वनस्पतीस कर्ब मिळतो. प्रकाश आणि कर्ब ही जोडीने लागतात, हा धडा या प्रयोगाने मनावर ठसतो. हा सोडा केवळ प्रयोगाच्या बरणीत घालावयाचा आहे. माशांच्या पेटीत तो घालू नये.

प्रकाश किती असावा

माणसाच्या डोळ्यावर या बाबतीत विसंबून चालत नाही. भर दुपारी उघड्या रानात सुमारे १ लाख लक्स इतका प्रकाश असतो, तर घरात खिडकीपासून दूर तो काहीशे लक्सच असतो. डोळा दोन्ही ठिकाणी स्वतःस जुळवून घेतो, म्हणून घरातील उजेड पुरेसा आहे असा भास होतो. वनस्पतीला असा भास होत नाही.

पूर्वी नळीदिव्याच्या काळात दोन लिटर पाण्यास एक वॅट, असा ठोकताळा होता. एलईडी दिव्यांस तो लावू नये. वॅट हे विजेच्या खर्चाचे माप आहे, प्रकाशाचे नव्हे. प्रकाशाचे माप ल्यूमेन असून ते दिव्याच्या खोक्यावर छापलेले असते. खरेदी करताना तेच वाचावे. सर्वसाधारण प्रमाण असे धरावे :

(१) सावलीत वाढणाऱ्या, सोशिक वनस्पतींसाठी दर लिटरमागे १० ते २० ल्यूमेन.

(२) मध्यम गरजेच्या वनस्पतींसाठी २० ते ४० ल्यूमेन.

(३) ४० ल्यूमेनहून अधिक प्रकाश ज्या पेटीत नळकांड्यातून कर्बवायू सोडण्याची सोय आहे तेथेच द्यावा. गावातील घरी त्याची जरूरी नाही.

आता उदाहरण घेऊ. ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच अशी पेटी ५४ लिटरची होते. तळाची वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता पाणी सुमारे ४० लिटर राहते. दर लिटरला २० ल्यूमेन धरल्यास ८०० ल्यूमेन लागतात. काही प्रकाश बाजूस वाया जातो, तो हिशेबात धरून १,००० ल्यूमेनचा दिवा घ्यावा. एक वॅटमागे १०० ल्यूमेन देणारी एलईडी पट्टी असेल तर १० वॅट पुरतात. हा सर्व प्रकाश पाण्यावर पडला असे धरले, तर पृष्ठभागावर सुमारे साडेपाच हजार लक्स होतात. म्हणजे दुपारच्या उन्हाचा अठरावा भाग. घरगुती पेटीस इतके पुष्कळ होते.

दिव्याचा प्रकार व रंग

जुना तारेचा बल्ब मत्स्यपेटीवर लावू नये. ६० वॅटचा असा बल्ब ७०० ल्यूमेनच्या आसपास प्रकाश देतो व उरलेली बहुतेक वीज उष्णतेत घालवितो. दररोज ८ तास लावल्यास तो महिन्याला १४.४ युनिट खातो. १० वॅटची एलईडी पट्टी त्याच वेळात २.४ युनिट खाते. नळीदिवा घरात आधीच असेल तर तो वापरण्यास हरकत नाही, मात्र त्याचा प्रकाश वापराबरोबर मंद होत जातो, हे लक्षात ठेवावे.

साधा ९ वॅटचा एलईडी गोळा ८०० ते ९०० ल्यूमेनपर्यंत प्रकाश देतो. तोही चालतो, पण त्याचा उजेड चहूकडे पसरतो. पत्र्याचे टोपण करून त्यास आतून पांढरा रंग द्यावा व त्यात गोळा बसवावा, म्हणजे प्रकाश खाली पडतो. पेटी लांबट असल्यास गोळ्यापेक्षा पट्टी बरी, कारण ती दोन्ही टोकांस सारखा प्रकाश देते. दिवा पाण्यापासून १५ ते ३० सेंटिमीटर वर असावा. जितका उंच टांगावा तितका प्रकाश कमी पोहोचतो. तेव्हा दिवा अधिक प्रखर वाटल्यास नवा घेण्यापेक्षा तो वर ओढावा.

रंगाविषयी बाजारात पुष्कळ गैरसमज आहेत. हरितद्रव्य निळा व तांबडा प्रकाश अधिक शोषते, हे खरे आहे. तथापि चांगल्या पांढऱ्या एलईडीत दोन्ही पुरेसे असतात, म्हणून जांभळट प्रकाशाच्या महाग दिव्यांची गरज नाही. खोक्यावर ६,५०० केल्विन असा आकडा असलेला दिवा दिवसाच्या उजेडासारखा पांढरा दिसतो व त्यात मासे आणि पाने यांचे रंग स्वाभाविक दिसतात. ३,००० केल्विनचा पिवळसर दिवाही वनस्पती वाढवितो. फक्त पाणी पिवळे भासते.

खिडकीतील ऊन

दिव्याचा खर्च वाचावा म्हणून काही लोक पेटी खिडकीत ठेवतात. आपल्या भागात हे टाळावे. सरळ ऊन थोडा वेळ पडले तरी पाणी तापते आणि सूक्ष्म शेवाळाने हिरवे होते. उत्तरेची खिडकी सुरक्षित समजतात, परंतु नांदेड व लातूर १८ ते १९ अक्षांशांवर असल्याने मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मध्यान्हीदेखील किंचित उत्तरेकडे असतो, व सकाळ-सायंकाळचे ऊन त्या खिडकीतूनही आत येते. यास्तव पेटी आतील भिंतीलगत ठेवावी व प्रकाशासाठी दिव्यावरच अवलंबून राहावे.

किती तास

नव्या पेटीस पहिले तीन आठवडे ६ तास प्रकाश द्यावा. वनस्पतींनी मूळ धरले व नवी पाने फुटली म्हणजे तो ८ तासांवर न्यावा. १० तासांहून अधिक केव्हाही देऊ नये. जास्त तास दिल्याने मंद दिव्याची उणीव भरून निघत नाही. शेवाळ मात्र वाढते. वेळ रोज तीच असावी. स्वयंचलित वेळकळ बसविल्यास विसर पडत नाही.

वीज गेली तर काय, असा प्रश्न येतो. दोन-चार तास किंवा एखादा दिवस अंधार झाल्याने वनस्पती मरत नाहीत. वीज आल्यावर भरपाई म्हणून रात्रभर दिवा ठेवू नये. चिंता असते ती माशांची. वीज जाताच हवेचा पंपही बंद पडतो, आणि पेटीत मासे दाटीने असतील तर रात्रीचा प्राणवायू पुरत नाही. म्हणून वर सांगितलेल्या ४० लिटरच्या पेटीत ८ ते १० लहान गप्पींपेक्षा अधिक मासे ठेवू नयेत. बॅटरीवर चालणारा लहान पंप जवळ असल्यास उत्तम.

मराठवाड्याचा उन्हाळा

उन्हाळ्यात आपल्या भागात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांस दर लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांस सुमारे साडेसात मिलिग्रॅम. त्याच वेळी मासे व वनस्पती यांचे श्वसन वाढलेले असते. या दुहेरी ताणात दिव्याच्या उष्णतेची भर पडता कामा नये.

मार्च ते जून या काळात प्रकाशाचे दोन भाग करावेत : सकाळी ६ ते १० व सायंकाळी ६ ते १०. दुपारच्या खंडाने वनस्पतींचे नुकसान होत नाही. दिवा झाकणात बंदिस्त न ठेवता उघडा टांगावा. पेटीवर काचेऐवजी जाळी ठेवल्यास पाणी उडून पेटी थंड राहते, पण त्याची किंमत पाण्यात द्यावी लागते. ६० बाय ३० सेंटिमीटरच्या पेटीतून दररोज ५ मिलिमीटर पाणी उडाले तर ०.९ लिटर होते. टंचाईच्या दिवसांत रात्री काच व दुपारी जाळी, असा मध्यम मार्ग पत्करावा.

पाणी, वाळू व वनस्पती

आपल्या काळ्या पाषाणातील विहिरींचे व विंधन विहिरींचे पाणी बहुधा जड असते. पिण्यास ते नकोसे वाटते, परंतु येथे त्याचा लाभ होतो. हायड्रिला व व्हॅलिस्नेरिया या वनस्पती जड पाण्यातील विरघळलेल्या क्षारांमधूनही कर्ब घेऊ शकतात. पाणशेवाळीसारख्या मॉस वनस्पतींस ते साधत नाही. तेव्हा प्रथम पेटी लावणाऱ्याने याच दोन निवडाव्यात; मध्यम दिव्यात त्या समाधानकारक वाढतात. गप्पी व मोली या माशांनाही जड पाणी मानवते. मात्र पाणी उडते तेव्हा क्षार मागे राहतात. म्हणून पेटीत भर घालण्यासाठी पागोळ्यांचे स्वच्छ पावसाचे पाणी साठवून ठेवावे. नळाचे पाणी वापरावयाचे असल्यास ते एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून, क्लोरीन उडून गेल्यावर घ्यावे.

तळाशी काळी माती पसरू नये. ती फुगते, विरघळते व पाणी गढूळ करते. गढूळ पाण्यात उत्तम दिव्याचाही प्रकाश तळापर्यंत पोहोचत नाही. स्वच्छ धुतलेली जाडसर वाळू ५ ते ६ सेंटिमीटर पसरावी. गाळाच्या मातीच्या बोराएवढ्या गोळ्या करून वाळवाव्यात व मुळाशी वाळूत खोल पुरून ठेवाव्यात. तेवढे खत पुरते.

वनस्पती रोपवाटिकेतून किंवा गावतळ्यातून घ्याव्यात. तळ्यातून आणलेल्या वनस्पती आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवून गोगलगायी व किडे काढून टाकावेत. साताऱ्याच्या कास पठारावरील वायतुऱ्यासारख्या दुर्मिळ वनस्पती कोणीही उपटून आणू नयेत.

लक्षणे व उपाय

पीक पाहून जसे आपण रोग ओळखतो तसेच पेटी पाहून दिव्याचा दोष ओळखता येतो.

(१) देठ लांब, पेरे विरळ, खालची पाने गळतात : प्रकाश कमी आहे. दिवा खाली आणावा व त्यावरील धूळ पुसावी.

(२) काचेवर व पानांवर हिरवा थर : प्रकाश किंवा तास जास्त आहेत. दोन तास कमी करावेत व माशांचे खाद्यही कमी करावे.

(३) सर्व पाणीच हिरवे : बहुधा ऊन पडत आहे किंवा खाद्य कुजत आहे. तीन दिवस दिवा बंद ठेवून पेटी झाकावी, पंप मात्र चालू ठेवावा. नंतर चौथा भाग पाणी बदलावे.

(४) नवी पाने पिवळी, प्रकाश मात्र योग्य : दोष खताचा आहे. दिवा बदलू नये.

(५) मासे पहाटे पृष्ठभागावर येतात : मासे जास्त झाले आहेत. हा दोष दिव्याने दूर होत नाही.

एका वेळी एकच बदल करावा व दोन आठवडे वाट पाहावी. रोज नवा उपाय करणाऱ्यास कोणत्या उपायाने गुण आला हे कधीच कळत नाही. बदललेले पाणी गटारात सोडू नये. त्यात नत्र असते. ते परसबागेतील वांगी-मिरचीस किंवा तुळशीस घालावे.

विजेपासून सावधगिरी

पाणी व वीज यांचा संबंध प्राणघातक असतो. घरात अर्थिंग व गळतीरोधक खटका असल्याखेरीज पेटीस वीज जोडू नये. दिव्याची तार भिंतीतील प्लगकडे जाताना मध्ये खाली झोल सोडावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये न जाता झोलातून खाली पडते. पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढावा. केवळ बटन बंद करणे पुरेसे नाही. दिवा तारेवर लोंबकळत न ठेवता पक्क्या आधारास बांधावा. शाळेतील पेटीची वायरिंग जाणकाराकडूनच करून घ्यावी.

नदी-नाल्यांचे रक्षण

पेटी मोडली म्हणून त्यातील वनस्पती व मासे ओढ्यात, तलावात किंवा गोदावरीत सोडणे हा मोठा अपराध समजावा. आज जी जलपर्णी आपली जलाशये झाकून टाकते ती मूळची दक्षिण अमेरिकेतील असून शोभेची वनस्पती म्हणूनच आपल्या देशात आणली गेली. तिच्या दाट थराखाली प्रकाश जात नाही, आणि प्रकाश नाही म्हणजे तेथील पाण्यात प्राणवायू तयार होत नाही. पेटीतील नको असलेली वनस्पती उन्हात वाळवून खतखड्ड्यात टाकावी. मासे दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावेत.

कार्यकर्त्यांस सूचना

धंदा म्हणून संगोपन करू इच्छिणाऱ्या तरुणास एकदम दहा पेट्या मांडण्याचा सल्ला देऊ नये. प्रथम त्याने एक पेटी, एक दिवा व दोन वनस्पती घेऊन हिवाळ्यात आरंभ करावा आणि पुढचा उन्हाळा पार पाडून दाखवावा. दिवा लावण्याची व विझविण्याची वेळ, पाण्याचे तापमान व भर घातलेले पाणी यांची रोज वहीत नोंद ठेवावी. मे महिना ज्या पेटीने निभावला तिच्या मालकास पुढील पेट्या कशा चालवाव्यात हे निराळे सांगावे लागत नाही. योजनेच्या साहाय्यासाठी अर्ज करण्यापूर्वी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चालू नियमांची चौकशी करावी.

सारांश असा : दर लिटरला २० ल्यूमेन, पांढरी एलईडी पट्टी, ८ तास प्रकाश, सरळ ऊन नाही, मासे थोडे. एवढे सांभाळले तर चाळीस लिटर पाण्यात हिरवी पाने व जिवंत मासे वर्षभर राहतील, आणि घरातील मुलांस पिकाचा, पाण्याचा व प्रकाशाचा संबंध रोज डोळ्यांसमोर दिसेल.